नऊशे एकाहत्तर

गोपाळकृष्ण तांबे ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात अकरा वर्षं लंबक टांगत होते. झोके मोजून पृथ्वीची ओढ काढायची, उत्तर नऊशे एकोणऐंशी यायचं आणि तांबे त्यावर लाल खूण करायचे. अकरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं नव्हतं. भल्या माणसाला याचं कौतुकच वाटे. शंका म्हणून कधी आली नाही.

बत्तीस सालच्या बी.एस्सी.च्या परीक्षेत माधवगंजच्या दुर्गा शितोळेने मात्र नऊशे एकाहत्तर लिहिलं.

"सर, तीनदा केलं. हर बार तेच येतं," ती म्हणाली. "पुस्तकातलं उत्तर पाठ आहे मला. पण आलंच नाही तर लिहू कसं?"

आग्र्याहून आलेले परीक्षक तिचे निम्मे गुण कापायला निघाले. त्या गुणांवर दरबारची स्कॉलरशिप होती. ती गेली की मुलीचं शिक्षण तिथेच संपणार होतं. तांब्यांनी रदबदली केली, तेव्हा परीक्षक म्हणाले, "आप खुद करके देखिए. आपका भी यही आया, तो लड़की को पूरे नंबर."

तांब्यांनी केलं. नऊशे एकाहत्तर. दोरा पुन्हा मोजला, गोळ्याची जाडी पाहिली, घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी ताडलं. पुन्हा नऊशे एकाहत्तर. खिडकीतून किल्ल्याचा डोंगर दिसत होता. तो ओढत असेल? पण एवढासा डोंगर एवढं कसं ओढेल? मग आठवलं, बुधाच्या कक्षेत असाच केसभर फरक निघाला होता आणि त्यापायी खुद्द न्यूटनच्या नियमाला मुरड घालावी लागली. हा फरकही तसलाच? आमच्या या गळक्या प्रयोगशाळेत? छे, काहीतरीच!

तेवढ्यात त्यांची नजर कपाटाकडे गेली. आत अकरा वर्षांच्या वह्या होत्या. हाच लंबक, हीच मोजपट्टी, आणि प्रत्येक वहीत नऊशे एकोणऐंशी. दुर्गाचं खरं असेल, तर ही सगळी मुलं एकाच आकड्यावर पोचली कशी? आणि त्यांच्यावर लाल खुणा कोणी केल्या?

"हां, तांबेजी? कितना आया?"

तांबे लबाड नव्हते. पण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की त्या कपाटावर, हे त्या घटकेला त्यांना खरोखरच कळेना.

"नौ सौ उन्यासी," ते म्हणाले.

परीक्षकांनी मान डोलावली आणि गुण कापले.

दुर्गा व्हरांड्यात थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तांब्यांना वाटलं, आता ही भांडणार. भांडली असती तर फार बरं झालं असतं.

"तुम्ही स्वतः केलंत ना सर, मग माझंच चुकलं असणार," ती वही उघडून म्हणाली. "कुठे चुकलं, तेवढं दाखवा ना."