खिडकीतून टाकलेली पुडकी

लहान बाळ असलेल्या घरात सकाळी नऊ वाजता काय चाललेलं असतं, हे वेगळं सांगायला नको. दूध उतू जात असतं, फोन वाजत असतो आणि बाळाने नेमका तोच मुहूर्त साधलेला असतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ही सगळी सकाळ एकट्या बाबाच्या वाट्याला यायची. आई सकाळच्या शाळेत शिकवायची. ती साडेबाराला परत आली की सात महिन्यांची ढब्बू तिच्याकडे सोपवून बाबा कामाला पळायचा. तो रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. तिथे त्याची शिस्त कडक! वापरलेली सुई कुठल्या डब्यात, रक्ताचा कापूस कुठल्या रंगाच्या पिशवीत, यात कुणी चूक केली तर तो सगळ्यांदेखत झापायचा. "हे उचलणारासुद्धा माणूसच आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

घरी मात्र गोष्ट निराळी होती. ढब्बूला दिवसाला सहा-सात डायपर लागायचे. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "दादा, हे ओल्या कचऱ्यात कोंबू नका. वेगळं, कागदात बांधून द्या आणि वर लाल खूण करा. आम्ही हाताने निवडतो हो." बाबाने मान डोलावली. दोन दिवस खूण केली, तिसऱ्या दिवशी विसरला. मावशींनी ती पिशवी दारातच ठेवली आणि पुढे गेल्या. बाबा चिडला. घरभर वास सुटला होता, ढब्बू रडत होती. न्हाणीघराच्या खिडकीबाहेर डक्ट होती, सगळे पाइप खाली उतरतात ती इमारतीमागची अरुंद मोकळी जागा. तिथे कुणी जात नाही, कुणी बघत नाही. त्याने पुडकं गुंडाळलं आणि दिलं सोडून. खाली कुठेतरी धप्प आवाज झाला.

त्या दिवशी त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तेवढंही झालं नाही. महिनाभरात हात आपोआप खिडकीकडे जायला लागला. बायकोने विचारलं, "कचरा दिलास ना रे?" तर हा म्हणायचा, "हो, गेला."

आणि एका रविवारी सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला.

तळमजल्यावर शिंपीकाका भाड्याने राहायचे. घरातच शिलाईचं यंत्र, कडेला पलंग आणि पलंगावर काकू. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन काकूंची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. त्या सकाळी काका दूध आणायला गेले असताना न्हाणीघराच्या जाळीतून काळं, घाणेरडं पाणी उलटं वर आलं, खोलीत पसरलं, आणि परत येऊन बघतात तो पलंगाचे पाय पाण्यात!

बाबा ढब्बूला खांद्यावर घेऊन खाली आला तेव्हा अर्धी इमारत जमली होती. गटार साफ करणारा माणूस डक्टमध्ये उतरला होता. तळाच्या उघड्या गटारात अडकलेलं एकेक पुडकं त्याने लोखंडी आकड्याने वर काढायला सुरुवात केली. पाणी पिऊन ती उशीएवढी फुगली होती, काही फुटून आतला चिकट लगदा लोंबत होता. लहानाचं कुठलं आणि मोठ्याचं कुठलं, काही ओळखू येत नव्हतं.

"डायपर!" सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून म्हणाले. "वाटलंच मला. आजारी माणूस कुणाच्या घरात आहे, हे काय सांगायला हवं?"

सगळ्यांच्या माना शिंपीकाकांकडे वळल्या. काका गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटमध्ये, हातात खराटा घेऊन उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, काकूंच्या पलंगाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

"आज घरमालकाला फोन करतो," सेक्रेटरी म्हणाले. "असले भाडेकरू नकोत आम्हाला. काय हो, बरोबर ना?"

हा प्रश्न त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बाबाला विचारला होता. ती पुडकी आपलीच, हे त्याने ओळखलं होतं. आत्ता सांगावं, एकदम सांगून टाकावं. पण तोंडातून निघालं ते असं, "हो... म्हणजे, बघायला हवं कुणाचं आहे ते."

खांद्यावरची ढब्बू त्याच्या कानाशी खेळत होती. तो पाठ फिरवून जिना चढला.

जेवताना तो ताटातला भात नुसता चिवडत बसला. "बरं नाही का?" बायकोने विचारलं. "मी जरा काकांना मदत करून येतो," म्हणत तो उठला. मदत हे निमित्त. खरं सांगायचं धाडस होईल की नाही, ते त्यालाही कळत नव्हतं.

काका एकटेच फरशी घासत होते. भिजलेली गादी भिंतीला टेकवली होती. काकूंना खुर्चीत उशा लावून बसवलं होतं. बाबाने बादली उचलली, मागच्या दाराने पाणी ओतायला गेला आणि थबकला. मागच्या दाराबाहेर, डक्टच्या भिंतीअलीकडे, दोरीवर पांढऱ्या कापडाच्या जाडसर घड्या ओळीने वाळत होत्या. कडा दुमडून बारीक शिवण घातलेल्या, दोन्ही टोकांना नाड्या.

"काका, हे..."

"हिचे आहेत." काकांनी मान वर केली नाही. "आधी ते विकतचे आणले होते. पाठीला, मांड्यांना जखमा झाल्या. मग जुन्या चादरी फाडल्या आणि शिवले. दोन वर्षं झाली, रोज धुतो. ते प्लास्टिकचं आमच्या घरात नाहीच."

बाबाने बादली खाली ठेवली. "मग सकाळी बोलला का नाहीत? सगळ्यांना ही दोरी दाखवली असती तर..."

आता काकांनी वर पाहिलं. "काय दाखवू? चार लोकांना इथे आणून बायकोची लाज दाखवू? ही सगळं ऐकत होती. बोलता येत नाही, पण कान शाबूत आहेत तिचे."

काकू खुर्चीतून बघत होत्या. बाबाला ती नजर झेलवेना.

"काका, ती पुडकी माझी आहेत." शब्द एकदाचे बाहेर पडले. "ढब्बूची. महिनाभर मी खिडकीतून टाकतोय."

खराटा थांबला. काकांनी तो भिंतीला टेकवला. बाबाला वाटलं, आता म्हणतील, असू दे बाबा. पण काका तसं म्हणाले नाहीत.

"मी दूध घेऊन आलो, तेव्हा ही हुंदके देत होती," ते हळू आवाजात म्हणाले. "पाणी वर चढताना दिसत होतं तिला. ओरडता येत नाही, उठता येत नाही. किती वेळ ती तशी पडून होती, कोण जाणे. आणि तू मला चार भिंतींच्या आत सांगतोस होय? चोर ठरवलं ते सगळ्यांदेखत, आणि कबुली माझ्या कानात?"

काकांनी काकूंकडे बोट दाखवलं.

"माझ्याशी काय बोलतोस? तिच्याशी बोल. आणि मग सगळ्यांसमोर बोल."

बाबा काकूंसमोर ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला. माफी कशी मागायची, ते त्याने जिन्यावर मनाशी जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. "काकू, चुकलो," एवढंच म्हणाला. काकूंनी मान दुसरीकडे वळवली. वाचा गेलेल्या काकूंचं उत्तर तेवढंच.

वर जाऊन त्याने बायकोला सांगितलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तू? लॅबमध्ये एक कापूस इकडचा तिकडे झाला तर घर डोक्यावर घेणारा तू? आणि मला रोज 'हो, गेला' म्हणायचास!" मग तिने ढब्बूला कडेवर घेतलं. "चल. मीही येते. ऐकायचं ते दोघांनी ऐकू."

सेक्रेटरींनी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना गच्चीवर बोलावलं होतं. विषय तळमजल्याचाच. बाबा सगळ्यांसमोर उभा राहिला.

"शिंपीकाकांचा काही संबंध नाही. ती पुडकी मी टाकली. सकाळी मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. नुसता गप्पही नाही, वर हो म्हणालो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी "शी!" म्हणालं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "शिकलेली माणसं!" सेक्रेटरींचा चेहरा पडला. आरोप करायची घाई त्यांनीच केली होती. त्यांनी तिथून उठून काकांच्या घरी जाऊन हात जोडले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी बाबाने रजा घेतली, आई शाळेतून आल्यावर ढब्बूला तिच्याकडे सोपवलं आणि गटारवाल्या माणसाबरोबर स्वतः डक्टमध्ये उतरला. उरलेली पुडकी तो रबरी हातमोजे घालून एकेक करून वर देत होता. मावशी वर पोतं धरून उभ्या होत्या.

"मावशी, यापुढे नीट बांधून, खूण करून देईन. शब्द देतो."

"द्या. उपकार होतील," मावशी कोरडेपणाने म्हणाल्या. "पण दादा, बांधून दिलं म्हणजे संपलं असं वाटतं का तुम्हाला? मी तुमच्याकडून नेते आणि टाकते कुठे? गावाबाहेरच्या ढिगावर. त्या ढिगापलीकडे माझं घर आहे. भाजीची सालं कुजतात, कागद कुजतो. हे कुजत नाही. तुमची पोर मोठी होईल, तिला पोरं होतील, तरी तिचं हे माझ्या दारात तसंच पडलेलं असेल."

बाबा हातातल्या पुडक्याकडे बघत राहिला. एका सकाळची दोन तासांची सोय! आणि तिचं आयुष्य त्याच्या लेकीपेक्षा मोठं!

त्याच संध्याकाळी तो पुन्हा काकांच्या दारात गेला, हातात दोन जुन्या मऊ चादरी घेऊन. "काका, मला शिवायला शिकवाल का? तुम्ही शिवू नका. मला शिकवा."

काकांनी त्याला दारातच बराच वेळ उभं ठेवलं. मग यंत्रावरचं कापड बाजूला सारलं. "टीप सरळ आली पाहिजे. वाकडी आली तर उसवून पुन्हा."

वाकडी आली. चारदा उसवावी लागली. आठवड्याभरात पंचवीस लंगोट तयार झाले, मधोमध फ्लॅनेलची जाड पट्टी असलेले. पहिले काही दिवस फजितीचेच होते. नवं कापड नीट शोषेना, ढब्बूने दोनदा गादी आणि एकदा भेटायला आलेल्या आजोबांची मांडी भिजवली. मग काकांनी सांगितलं, की आधी चार-पाच वेळा धुऊन काढ, मग बघ. धुवायचं काम बाबाने स्वतःकडे घेतलं. घाण संडासात झटकायची, गार पाण्यात खळबळायची, मग गरम पाणी, साबण, आणि गच्चीवरचं कडक ऊन. प्रवासाला किंवा दवाखान्यात जाताना एखादा विकतचा डायपर लागतो अजून. तो बांधून, लाल खूण करून मावशींच्या हातात जातो. ढब्बूच्या मांडीवरचं लाल पुरळ दोन आठवड्यांत गेलं. ते डायपरमुळे होतं, हे इतके दिवस दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

काकू अजून त्याच्याकडे बघून हसत नाहीत. तो रोज जाता-येता विचारपूस करतो. कधी त्या डोळे मिटून घेतात, कधी नाही. तो याबद्दल कुणाकडे तक्रार करत नाही.

परवा प्रयोगशाळेत नवीनच बाप झालेल्या एका सहकाऱ्याने पेढ्यांऐवजी केक वाटला आणि म्हणाला, "डायपर म्हणजे काय मस्त सोय आहे यार! गुंडाळलं, टाकलं, विषय संपला." बाबाने त्याला खुर्चीत बसवलं आणि ही सगळी हकिकत सांगितली, गच्चीवरची कबुली आणि त्याआधीचं स्वतःचं भ्याड वाक्यसुद्धा न गाळता. सांगताना त्याचा चेहरा अजून लाल होतो.

वाचकहो, आपण सगळेच रोज काही ना काही टाकतो. टाकलेली वस्तू आपल्या डोळ्यांआड जाते, जगातून जात नाही. ती कुणाच्या तरी हातात, कुणाच्या तरी उंबऱ्याशी जाऊन थांबते, आणि पुष्कळदा त्याचा दोषही त्या बिचाऱ्याच्याच माथी बसतो. आपल्या लेकराची घाण आपण आपल्या हातांनी धुवावी, यात कसला कमीपणा? कमीपणा आहे तो खिडकी उघडण्यात, आणि त्याहून जास्त, नंतर गप्प उभं राहण्यात.