शेवटची टिक

कात्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाद्यांच्या कारखान्यात तो खरेदी बघायचा, आणि समोर आलेल्या बिलाला कात्री लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून तिथल्या लोकांनी ठेवलेलं ते नाव. फोमवाला, दोरेवाला, खिळेवाला, सगळे त्याच्या खोलीबाहेर बसून आधी घाम पुसायचे आणि मग आत जायचे. या गड्याला त्याचा अभिमान केवढा! कुणी आपल्याला टोपी घालू शकत नाही, हे तो घरीदारी ऐकवायचा. बायको मान डोलवायची, कारण वाद घालून उपयोग नसतो हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

पण माणूस कंजूस होता म्हणून हलका होता असं नाही हं. धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिचं उजवं मनगट दुसऱ्यांदा मोडलेलं होतं. कात्रीनं एकही प्रश्न विचारला नाही. कारखान्याची दुसऱ्या शहरात शाखा होती, तिथं बदली मागून घेतली. पगार कमी झाला, बढती गेली. नव्या घराचा पत्ता नातेवाइकांपैकी एकालाही सांगितला नाही, कारण धाकटीचा नवरा सगळ्यांकडे जाऊन मेव्हण्याचा ठावठिकाणा विचारत होता. कधी गोड बोलून, कधी डोळे वटारून.

धाकटी रफू करायची. कोटाला भोक पडो की लोकरी शालीला कसर लागो, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून अशी वीण घालायची की मालकालाही जागा सापडू नये. मनगट सुधारल्यावर ती पुन्हा कामाला बसली. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरनं तिला दोन-चार कपडे दिले, मग आणखी दिले. ड्रायक्लीनरच म्हणाला की बाई, तुम्ही आपली वेबसाइट काढा, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो टाका, लोक लांबून कपडे पाठवतील. कपडे माझ्या दुकानाच्या पत्त्यावर येऊ देत.

तिला ते पटलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा आपणहून काही मागत होती. तिनं काळजीही केवढी घेतली! फोटोत चेहरा नाही, खिडकी नाही, खिडकीबाहेरचा रस्ता नाही. मनगटावरचा व्रण दिसू नये म्हणून लांब बाह्या. साइटवर तिचं नाव नाही, फोन नाही, फक्त दुकानाचा पत्ता.

साइटसाठी नाव आणि जागा विकत घ्यायचं काम अर्थातच कात्रीकडे आलं, आणि त्याच्या अंगात आलं. संध्याकाळी कारखान्यातून आला की हातपाय धुऊन तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचा. धाकटीला हवी होती ती पहिली दोन नावं आधीच गेलेली. तिसरं कुणीतरी नुसतंच अडवून ठेवलं होतं आणि सोन्याच्या भावानं विकायला काढलं होतं. कात्रीनं त्या अनोळखी माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी ‘न दिसणारा टाका’ हे नाव मोकळं सापडलं आणि धाकटी चक्क हसली. मग होस्टिंग. साइट ठेवायला जागा भाड्यानं घ्यावी लागते, ती एकट्याची घेतली तर महाग आणि दहा जणांत मिळून घेतली तर स्वस्त, हे कात्रीला लगेच उमगलं. एका खोलीत दहा भाडेकरू, त्यात काय एवढं? पहिल्या वर्षी स्वस्त दाखवून दुसऱ्या वर्षी मान कापणाऱ्या कंपन्या त्यानं बरोबर हेरल्या आणि बाजूला काढल्या. आपला नवरा या कामात खूश आहे, म्हणून बायकोही खूश होती.

अखेर एका कंपनीचा फॉर्म त्याच्यासमोर उघडला. मालकाच्या जागी त्यानं स्वतःचं नाव घातलं, म्हणजे धाकटीचं नाव कुठंच नको. पत्ता घरचा घातला, कारण खोटा पत्ता दिल्यास साइटचं नाव रद्द होईल असं तिथं लाल अक्षरांत लिहिलं होतं. खाली पाच चौकटी होत्या आणि पाचही जागी कंपनीनं आपणहून टिक करून ठेवली होती. जादा मेलपेटी, रोजची प्रत, वेग वाढवा, पहारा ठेवा, आणि शेवटची, मालकाची माहिती लपवा. प्रत्येकीचे वर्षाला वेगळे पैसे.

कात्रीला असली लबाडी बघितली की चेवच यायचा. एकेक टिक काढताना तो मोठ्यानं आकडा वजा करत होता. धाकटी त्याच्या खांद्यावरून बघत होती. शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून तिनं विचारलं,

“हे काय आहे रे, दादा?”

“काही नाही गं. पैसे उकळायचे धंदे. साइटवर आपला पत्ता आहेच कुठं लपवायला?”

आणि टिक काढून टाकली.

पुढचे काही दिवस त्याचा फोन सारखा वाजत राहिला. साहेब, नवी साइट घेतलीत, आम्ही डिझाइन करून देतो. साहेब, आम्ही तुम्हाला पहिल्या पानावर आणतो. कात्रीला तर पर्वणीच. खरेदीच्या खोलीत, फोमच्या नमुन्यांच्या ढिगाशेजारी बसून तो त्या पोरांना भाव पाडायला लावायचा आणि शेवटी काहीच न घेता फोन ठेवायचा. एके दुपारी असाच एक जण पिच्छा सोडेना. म्हणाला, साहेब, आमचा माणूस घरी पाठवतो. आणि त्यानं पत्ता वाचून दाखवला. रस्ता, इमारत, तिसरा मजला, दाराचा नंबर.

कात्रीनं हसत हसत विचारलं की हा तुला दिला कुणी. पोरगं म्हणालं, दिला कुणी नाही, साहेब, सगळ्यांनाच दिसतो. तुम्ही माहिती लपवली नाहीत ना.

त्यानं पोराकडून नीट समजून घेतलं. प्रत्येक साइटच्या नावाची एक उघडी नोंद असते, ती कुणीही बघू शकतो, आणि त्यात मालकाचं नाव, पत्ता, फोन असतो. मग त्यानं स्वतःचंच नाव शोधून पाहिलं. चौथ्या ओळीत तो स्वतःच होता, दाराच्या नंबरासकट. जो माणूस इतके महिने मेव्हण्याला शोधत दारोदार हिंडत होता, त्यानं घरबसल्या मेव्हण्याचं नाव टाईप केलं की काम झालं. आपल्या नावाआड बहिणीला लपवायला गेला आणि आपल्याच नावानं तिच्या दाराला पाटी लावून आला.

त्यानं तिथल्या तिथं पैसे भरून माहिती लपवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं किंमतही बघितली नाही. पण जुन्या नोंदीच्या नकला दुसरीकडे राहतात, हेही त्याला त्याच दुपारी कळलं.

घरी गेला तर धाकटी दारातच उभी. साइटवरून पहिलं काम आलं होतं, कुणाच्या तरी वडिलांचा कोट, बाहीला जळाल्याचं भोक. ती कोटाचं कापड बोटांत धरून त्याला दाखवत होती, बोलत होती, बोलायची थांबतच नव्हती. आता हिला काय सांगायचं? त्यानं भोक केवढं आहे ते वाकून पाहिलं.

बायकोला मात्र त्यानं सांगितलं. बाथरूमचा नळ सोडून, हळू आवाजात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की आजच सांगा. तो म्हणाला, आठ-दहा दिवसच तर होतं ते उघडं, कोण बघणार आहे? आत्ता कुठं ती रात्रीची झोपायला लागली आहे. रविवारी सांगतो.

“अहो, प्रश्न तिच्या जिवाचा आहे,” बायको म्हणाली, “तुमच्या अब्रूचा नाही.”

हे त्याला लागलं, कारण ते खरं होतं. मला कुणी टोपी घालू शकत नाही असं सांगत फिरणाऱ्या माणसानं स्वतःच्याच हातानं घातलेली टोपी बहिणीला कशी दाखवायची, हाच त्याचा खरा घोर होता. रविवार आला आणि गेला. दुसराही गेला. सांगायला तोंड उघडायचा आणि विचारायचा, चहा टाकतेस का. बायकोनं तर अबोलाच धरला. आपणच सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर यायचं, पण बहीण-भावाच्या मध्ये पडायला ती कचरत होती, आणि याचा तिला पुढं फार पश्चात्ताप झाला.

बोलण्याऐवजी कात्री राबत राहिला. दाराला साखळी बसवली. दारात बाहेरचं दिसणारं भिंग बसवलं. धाकटी ड्रायक्लीनरकडे निघाली की याला नेमकं तेव्हाच कोपऱ्यावर काम निघायचं. रस्त्यानं जाताना प्रत्येक माणसाची पाठ, चाल, मान तो न्याहाळायचा. धाकटी त्याची टर उडवायची. कात्री चक्क खर्च करायला लागला, तब्येत बरी आहे ना वहिनी, याची? तो हसायचा आणि त्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

एका सुटीच्या दुपारी बेल वाजली. भिंगातून बघितलं तर कुरिअरवाला. कात्रीनं साखळी न काढता फटीतूनच पाकीट घेतलं. वर त्याचं नाव, घरचा पत्ता. पाठवणाऱ्याची जागा कोरी. ते लपवावं असं त्याच्या मनात येईपर्यंत धाकटी खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवरून उठून आली होती. कपडाच आहे, ती पाकीट चाचपून म्हणाली, पण दुकानात न जाता इथं कसा आला?

आत पुरुषाचा शर्ट होता, तपकिरी. चिठ्ठी नव्हती. सवयीप्रमाणे तिनं बाही उलटी केली, कोपराजवळ बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

“हा टाका माझा आहे,” ती म्हणाली.

कधीतरी तिनंच रफू केलेली ती जागा होती. तिच्या शेजारून कापड पुन्हा फाटलं होतं. झिजून नव्हे. दोन्ही हातांनी धरून ओढलेलं. तिनं शर्ट टेबलावर ठेवला, त्याच्या सुरकुत्या तळहातानं काढल्या, मग जाऊन खिडकी बंद केली.

“त्याला हा पत्ता कुठून मिळाला?”

कात्रीनं सांगितलं. फॉर्म, पाच चौकटी, शेवटची टिक, फोनवरचं ते पोरगं, सगळं. सांगताना त्याला रडू आवरेना. ती उभ्यानंच ऐकत होती. त्याचं सांगून झाल्यावर तिनं एकच गोष्ट विचारली.

“तुला कळलं कधी?”

“महिना होत आला.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मान खाली घातली.

“टिक काढलीस ते मी समजू शकते,” धाकटी म्हणाली. “मीही तिथंच उभी होते. पण महिनाभर मी ही खिडकी उघडी टाकून तिच्यासमोर बसत होते, दादा. आणि तू मला बसू दिलंस.”

तो म्हणाला, मी पुन्हा बदली मागतो, आपण सगळेच जाऊ, उद्याच जाऊ. तिनं नको म्हटलं. त्याला तुझं नाव माहीत आहे, म्हणाली, तुझं नाव जिथं जाईल तिथं तो येईल. ती आत गेली. सुया, दोऱ्यांची रिळं, रफूखाली धरायची लाकडी गोटी, लोकांचे राहिलेले तीन कपडे असं सगळं तिनं पिशवीत भरलं. वहिनीनं न विचारता मदत केली. पिशवी तीच होती, येताना आणलेली.

निघताना तिनं दादाच्या पाठीवरून हात फिरवला. ती रागावलेली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“या वेळी पत्ता तुला सांगणार नाही,” ती म्हणाली. “शोधूही नकोस.”

दोन दिवसांनी तिचा नवरा आला. साखळीच्या फटीतून त्यानं आधी गोड आवाजात विचारलं, मग दारावर लाथ मारून विचारलं. कात्रीला खोटं बोलता येत नसे, दराची घासाघीस सोडली तर कधीच आलं नाही. ती कुठं आहे ते मला माहीत नाही, तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज असा फुटला की दारावरच्या लाथा थांबल्या. शेजारचे बाहेर आले, पोलिसांना फोन गेला, माणूस जिना उतरून निघून गेला. कात्री दाराला पाठ लावून खाली बसला. ती आपल्याला का सांगून गेली नाही, ते त्याला आत्ता पुरतं कळलं होतं.

पुढं बरेच दिवस काहीच नाही. मग धाकटीचा एक मेल आला. साइटचं नाव दुसऱ्याच्या नावावर करायला लागतो तो कोड पाठव, एवढंच. कसा आहेस नाही, काही नाही. त्यानं लगेच पाठवला. खाली लिहायला त्याच्याकडे पुष्कळ होतं. लिहिलं आणि खोडलं.

आता तो रोज कामावरून आला की हातपाय धुतो आणि साइट उघडतो. महिनाभर तेच फोटो होते. परवा नवा आला, निळी लोकरी शाल, आधी आणि नंतर. नंतरच्या फोटोत भोक कुठं होतं ते त्याला कितीही मोठं करून पाहिलं तरी सापडलं नाही. मग त्यानं ती उघडी नोंद काढली. मालकाचं नाव, पत्ता, फोन, तिन्हींच्या पुढं एकच ओळ होती. माहिती लपवलेली आहे.

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. बायकोनं काळजीनं विचारलं, काय झालं?

“टिक ठेवलीय तिनं,” तो म्हणाला.