दहाव्या खांद्यावरची शाल

एकाच शालीनं किती जणांचा सत्कार होतो, ठाऊक आहे तुम्हाला? मी शाल बोलतेय. मरून रंगाची, जरीच्या काठाची. माझ्याकडून नऊ जणांचा झाला.

कार्यक्रम संपला की तेलगावचे मुकादम आप्पाराव मला परत प्लास्टिकमध्ये कोंबतात. घामट, तंबाखूचा वास मारणारे खांदे मी सोसले. खरी किळस आली ती त्यांचं बोलणं ऐकून. ऊस तोडणाऱ्या बायकांना ते सांगतात, "पाळी आली की खाडा पडतो. गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटंल." जणू बाभळीची फांदीच छाटायची आहे!

दहावा सत्कार दीनाबाई वाकरूळकरांचा ठरला, त्यांचं तोंड बंद राहावं म्हणून. त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळच्या कोकणातल्या. नर्स म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. तीस वर्षं बायकांसाठी दवाखाने, पोलीस ठाणी पालथी घालताहेत. शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत त्या शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात, गाडीत बसत नाहीत. म्हणून आप्पाराव ऑपरेशनं मुद्दाम शनिवारी ठेवतात. शी!

सत्कार शुक्रवारी दुपारी झाला. मला पांघरताना आप्पाराव पुटपुटले, "बाई, आज गोड बोला."

दीनाबाईंनी मला काढून खुर्चीवर टाकलं. माइक धरला. "उद्या ऑपरेशनला कुणाला नेणार आहेत? तिनंच उठून सांगावं."

सत्तावीस वर्षांची साखराबाई उठली. "मला, बाई. दुखत न्हाई, खुपत न्हाई. पिशवी न्हाई काढली तर मुकादम टोळीत घेत न्हाईत."

"ए, खाली बस!" आप्पाराव ओरडले.

"तुमीच बसा की मुकादम," फळं विकणारी मदिनाबी म्हणाली. "खुर्ची मोकळी हाय, वर शाल बी हाय!"

बायका खदखदून हसल्या. दीनाबाई हसल्या नाहीत. "उद्या शनिवार आहे गं..."

"मंग तुमी कशाला येता? आमी हाव की!" टोळीतल्या बायका म्हणाल्या. "साखरी न्हाई, तर टोळीत कोणीच न्हाई."

आप्पारावांनी माझा बोळा करून जीपमध्ये फेकला. तेव्हापासून मी काच पुसते. तेच बरं. एक विनवणी आहे: पुन्हा मला असल्या हातांनी कुणाच्या खांद्यावर घालू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप साखराबाईच्या दारात थांबली. टोळीतल्या अकरा बायका तिच्या ओट्यावर बसल्या होत्या. जीप रिकामी परत गेली.