उतारावर लुटूलुटू

मित्रांनो, माझ्या डाव्या चाकाच्या लोखंडी पट्टीवर एक लांब, चकचकीत ओरखडा आहे. रंग लावून तो झाकता आला असता, पण माझ्या मालकाने तो तसाच ठेवला. मी त्याच्या काचेच्या दुकानातली जुनी लोटगाडी. हा ओरखडा कसा उमटला, ते सांगते.

एका सुताराने मला घडवले ते काच वाहण्यासाठीच. दोन मोठी चाके, मागे ढकलायची दांडी आणि मधोमध छपरासारखी दोन्हीकडे उतरती लाकडी चौकट. चौकटीला जाड लोकरी पट्ट्या. मोठी काच उभी, किंचित रेलून न्यायची असते. आडवी घातली तर हिसक्याने तडकते. चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला आरपार एक खीळ घातलेली. बोटाएवढी. माझ्या अख्ख्या देहात त्याहून लहान वस्तू नाही.

मालकाला सगळी गल्ली मामा म्हणते, कारण त्याच्याबरोबर काम करणारी भाची त्याला मामा म्हणते. तिची आई नोकरीसाठी दूर असायची, म्हणून ती त्याच्याकडेच वाढली. चालायला शिकली तीही दुकानासमोर. मामा तिची बोटे धरून तिच्यापुढे उलटा चालायचा आणि म्हणत राहायचा, "लुटूलुटू, लुटूलुटू." मी भिंतीला टेकून बघत असे.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. काच रस्त्यावर असताना 'सांभाळ', 'जपून', 'थांब' असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पूर्वी मामाचा धाकटा भाऊ माझ्यापुढे चालायचा. एकदा कोणीतरी खिडकीतून, भल्या हेतूनेच, 'सांभाळा' म्हणून ओरडले. तो जागीच ताठला. माझा भार मागून आला, काच फुटली आणि त्याच्या घोट्याची शीर कापली गेली. तो अजून लंगडतो. तेव्हापासून आमचे शब्द बदलले. सपाट रस्त्यावर 'रमत'. खड्डे आले की 'डुलत'. उतार लागला की 'रेंगाळत'. असा शब्द कानावर पडला की माणसाचे खांदे सैल होतात आणि पाऊल आपोआप आखूड पडते. लोक चेष्टा करायचे, काय मामा, काचेला हवा खायला नेताय का. मामा म्हणायचा, घरात बसून कंटाळली होती बिचारी.

अशी मी पुष्कळ वर्षे हिंडले. शाळेच्या खिडक्या, दवाखान्याचे दरवाजे, केशकर्तनालयाचे आरसे माझ्यावरून गेले. या गाडीवरच्या काचेला टवका उडत नाही, असे गिऱ्हाईक एकमेकांना सांगत. रोज सकाळी मामा माझ्या आसावर तेल सोडायचा आणि दोन्ही खिळी हातोडीने ठोकून बघायचा. टक, टक. त्यानंतरच आम्ही निघायचो.

मग दुकानात टेंपो आला. माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यावर आधी पोती, मग रंगाचे रिकामे डबे चढले. कोणी मला वाईट वागवले नाही, पण तेल द्यायचे कारण उरले नव्हते. ओल झिरपत होती. डाव्या खिळीला गंज धरला आणि तो आतल्या आत तिला खात राहिला.

टेंपो जिथे शिरत नाही अशी एक अरुंद गल्ली आमच्या चौकातून खाली उतरते. तिच्या तळाशी एकाने बेकरी काढली. दर्शनी काच तेवढी बाकी होती आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे होते. बेकरीवाला सकाळीच येऊन उभा राहिला. मला बाहेर काढले, पुसले. भाची आत हातमोजे शोधत होती. मामाने हातोडी उचलली, तेवढ्यात बेकरीवाला पुन्हा म्हणाला, "चला ना मामा, माझे कारागीर खोळंबलेत." मामाने हातोडी पेटीत ठेवली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. करकरता येते. मी करकरले. भाची म्हणाली, म्हातारी कुरकुरतेय आज.

माणसापेक्षा उंच काच माझ्या डाव्या अंगाला चढली. निघताना भाचीने बेकरीवाल्याला नियम सांगितला. तो हसला. त्याला वाटले, या मामा-भाचीची काहीतरी गंमत चालली आहे.

चौकातून रमत आलो. गल्लीच्या तोंडाशी भाची म्हणाली, "रेंगाळत." उतारावर पुढचा माणूस उलटा चालतो, गाडीकडे तोंड करून, भार छातीवर घेत. मामा तसा चालू लागला. भाची मागे दांडीवर होती, बेकरीवाला कडेने.

उताराच्या मध्यावर माझी डावी खीळ तुटली.

आवाज किरकोळ झाला. तुकडा दगडावर पडला आणि गटारात गेला. मामाला तो दिसला नाही, भाचीला दिसला. प्रत्येक फेऱ्याबरोबर चाक आसावरून थोडे थोडे बाहेर सरकत होते. ते निघाले की मी डावीकडे कोसळणार होते आणि ती सगळी काच मामाच्या अंगावर जाणार होती. झटक्याने थांबलो तरी तेच. धोक्याचा शब्द उच्चारला तर मामा ताठणार, त्याच्या भावासारखा. आणि 'रेंगाळत' तर ती आधीच म्हणून बसली होती. दुकानात त्याहून संथ शब्द नव्हता.

बेकरीवाल्यानेही चाक पाहिले. त्याचे तोंड उघडले. भाचीने त्याच्याकडे नुसते बघितले. त्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

"मामा," भाची घरातल्या आवाजात म्हणाली, "लुटूलुटू."

मामाने काचेतून तिच्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांत हा शब्द कामावर कधी आला नव्हता. काय झाले, हे त्याने विचारले नाही. त्याचे खांदे खाली आले आणि पाऊल इतके लहान झाले की टाच बोटांना लागू लागली. मग चहात साखर किती असे विचारावे तशा सुरात त्याने विचारले, "कुठल्या अंगाला?"

"डावीकडे. फुटपाथला घासत."

तिने दांडी केसभर वळवली. माझे डावे चाक फुटपाथच्या दगडी कडेला टेकले. खर्रर्र. आता ती कडच चाकाला आत दाबून धरत होती. माझ्या पट्टीवर चरा पडत गेला. लोखंड तापल्याचा वास येत होता.

पुढे, त्याच कडेला, कोणाची तरी सायकल उभी होती. मामाची तिकडे पाठ होती. भाचीचे दोन्ही हात दांडीवर. सकाळपासून घाई करणारा बेकरीवाला धावला असता तर मामा दचकला असता. त्याने हात खिशात घातले आणि टंगळमंगळ करत, बेसूर शीळ घालत तो मामाच्या शेजारून पुढे गेला. स्वतःचीच असावी अशा थाटात त्याने सायकल उचलली आणि पलीकडे नेऊन लावली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

उतार संपला. भाची म्हणाली, "इथे जरा टेकू." बेकरीच्या कारागिरांनी माझ्या आसाखाली विटा रचल्या, काच उतरवून भिंतीला रेलून ठेवली. तेव्हा कुठे चाक निसटले. ते एकटेच डुलत डुलत बेकरीच्या पायरीपर्यंत गेले आणि आडवे झाले.

बेकरीवाल्याने विचारले, "आता ओरडलं तर चालेल?"

मामा फुटपाथवर बसला होता. हातमोजे काढत त्याने भाचीला विचारले,

"तुला तो शब्द आठवत होता?"

"नाही. आई सांगायची." भाची त्याच्या शेजारी बसली. "सकाळी टक टक ऐकू आलं नव्हतं मामा. मला वाटलं, मी आत असताना केलं असशील."

"नव्हतं केलं." तो चाकाकडे बघत राहिला. "तेव्हा तू पडशील म्हणून मी उलटा चालायचो. आज तू मला चालवलंस."

आता मी जिन्याखाली नसते. दाराशी, कोरड्या जागेत असते. अवघड गल्ली आली की मलाच बोलावतात. खिळी नव्या आहेत आणि निघण्याआधी मामा एका चाकाशी बसतो, भाची दुसऱ्या चाकाशी. दोघे एकमेकांच्या हातोडीचा आवाज ऐकल्याशिवाय उठत नाहीत.

म्हणून एवढेच मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडून असेल तर अधूनमधून तिच्याकडे बघा, तिला तेल द्या. आणि बाहेर काढाल तेव्हा कोणी दाराशी कितीही खोळंबले असले, तरी आधी तिच्या खिळी ठोकून बघा. रमत जा, डुलत जा, रेंगाळत जा. पण आधी टक, टक. मग निघा.