उलट्या गाठीचं पार्सल

केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझी एक खोली आहे, आणि तिच्या उंबऱ्याशी बसून मी लोकांची पार्सलं शिवून देतो. आता सगळीकडे चिकटपट्टी चालते, पण उत्तनचे सुके बोंबील लांबच्या लेकीबाळींना पाठवणारी माणसं अजून माझ्याकडे येतात, कारण मांजरपाटात घट्ट शिवलेलं पार्सल वाटेत फुटत नाही. शिवण संपली की शेवटची गाठ मी मारतो ती उत्तनच्या मायकेलने शिकवलेली. तो जाळी विणायचा. "सुटत न्हाय ही, लवू. कापावीच लागते," असं म्हणायचा. माझा उजवा अंगठा कारखान्यात चिरडल्यापासून वाकत नाही, म्हणून माझ्या हातून ती गाठ उलटी पडते. तशी गाठ दुसऱ्या कुणाची पडत नाही.

सुईत दोरा ओवून द्यायला वरच्या मजल्यावरची मंदा खाली येते. माझी बायको सुलू गेली तेव्हापासून तिने ते काम आपणहून घेतलं. दोरा दातांनी तोडून ती माझ्या हातात सुई देते, दोन शब्द बोलते आणि जाते. एखाद्या दिवशी ती डोक्यावरून पदर पुढे ओढून येते, तेव्हा मी वर बघत नाही. तिचा नवरा दशरथ पाण्याचा टँकर चालवतो. त्याचा मार माझ्या छतातून मला ऐकू येतो. आधी भांडं पडल्याचा आवाज, मग तिचा, मग बराच वेळ कुणाचाच नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनाच तो ऐकू येतो आणि सगळेच टीव्हीचा आवाज वाढवतात. माझ्याकडे टीव्ही नाही.

परवाच्या बुधवारी पोस्टातली संजना एक पार्सल घेऊन आली. आतलं जड होतं, बाहेर मांजरपाट, वर दशरथचं नाव आणि पत्ता. दशरथ तेव्हा खालीच मोटरसायकल पुसत होता.

"बैरंग आहे," संजना म्हणाली. "तिकीट एकही नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. कुणीतरी आमच्या पेटीखाली ठेवून गेलं. घ्यायचं तर दुप्पट भरावं लागेल."

"दुप्पट? मी?" दशरथ हसला. "ज्यानं पाठवलंय ना, त्याच्याच डोक्यात घाल ते."

"परत कुणाला पाठवणार? मग जाईल बेवारस टपालाच्या ऑफिसात. तिकडे फोडून बघतात."

"फोडू दे की." त्याने फडकं पिळलं आणि गाडीला किक मारून निघून गेला.

संजना पार्सल पिशवीत परत टाकत होती तेव्हा मला त्याची गाठ दिसली. ती उलटी होती. टाकेही माझेच, तिरपे आणि थोडे लांब. पण ते पार्सल मी शिवलं नव्हतं. मी काय काय शिवतो ते मला आठवतं. दुसरं काही लक्षात ठेवण्यासारखं माझ्याकडे उरलेलंही नाही.

"माझ्याकडे दे, पोरी," मी म्हणालो. "शेजारी आहे. मी भरतो."

"काका, तुम्ही म्हणजे अगदी… तो तुम्हाला परत देणार आहे का?"

मी पैसे भरले आणि दार लावून घेतलं. गाठ सुटेना, कात्रीने कापली. आत पिवळ्या लुगड्याचा फाडलेला तुकडा होता, ठिकठिकाणी वाळून पापडासारखा कडक झालेला. त्यात वरवंटा होता. एका टोकाला नखाएवढा टवका गेलेला. त्या टोकाशी रक्त वाळलं होतं आणि रक्तात केस चिकटले होते. कुणाचे ते माझ्या डोळ्यांना कळलं नाही.

वरवंटा मी ओळखला. गेल्या दिवाळीत दशरथने तो मंदाला फेकून मारला होता. तो तिला चुकवून उंबऱ्यावर आदळला, तेव्हा तो टवका उडाला. मी घाईने जिना चढलो, तर वरून वाटण्याचा आवाज येत होता. मंदा पाट्याशी बसून सोड्यांची चटणी वाटत होती. तिच्या हातात तोच वरवंटा, तोच टवका. खिडकीत पिवळं लुगडं वाळत होतं, अख्खं.

"काय झालं, काका? धापा का टाकताय?"

"चार दिवस माहेरी जा, मंदा."

ती वाटायची थांबली नाही. "आई असती तर गेले असते. भाऊ चार दिवस ठेवेल, पाचव्या दिवशी वहिनी विचारेल. मग?"

मी म्हणालो, "बरं, मग हा वरवंटा दे. तापवून पाठ शेकायची आहे."

"घेऊन जा की. मिक्सर बिघडलाय, पण चालवून घेईन." तिने तो धुतला, पदराने पुसला आणि लहान मूल द्यावं तसा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

दोन्ही वरवंटे मी खाटेखाली शेजारी शेजारी ठेवले. एक ओला, एक रक्ताचा. मला वाटलं, आता हा तिच्या घरात नाही, त्यामुळे जे व्हायचं ते होणार नाही. त्या एका विचारावर मला शांत झोप लागली. सकाळी खाटेखाली बघितलं तर एकच वरवंटा होता. स्वच्छ. मांजरपाट नव्हता, पिवळं फडकं नव्हतं, कापलेल्या दोऱ्याचा तुकडाही नव्हता. मी खोली झाडून पाहिली. मग देवापुढे उदबत्ती लावली, कारण मला वाटलं संकट टळलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वर भांडं पडलं. मग तिचा आवाज. मग जिन्यावर धावती पावलं, आणि मंदा माझ्या खोलीत शिरली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, अंगावर पिवळं लुगडं. मी दार लावायच्या आत दशरथने ते लाथेने उघडलं.

"ए म्हाताऱ्या, सरक. बायको माझी आहे."

"दशरथ, बस जरा. पाणी पी," मी म्हणालो.

"तूच शिकवतोस काय हिला? माहेरी जा म्हणून?" त्याने मला एका हाताने खाटेवर ढकललं आणि तिचे केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. ती ओरडली नाही. ती माझ्याकडे बघत होती, सुई हातात देताना बघते तशी.

माझा हात खाटेखाली गेला. पाठ शेकायला आणलेला वरवंटा तिथे होता. पहिल्यांदा मी मारलं ते त्याने तिला सोडावं म्हणून. त्याने तिला सोडलं. तो गुडघ्यावर आला आणि आश्चर्याने "काका" म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच. त्यानंतर मी का मारत राहिलो ते मला सांगता येत नाही. माझा हात इतका हलका कधी झाला नव्हता. हाड मऊ झाल्याचं मनगटाला कळलं, तरी मी थांबलो नाही. थांबलो तेव्हा तो उंबऱ्यावर आडवा होता आणि वरच्या मजल्यावर उघडा राहिलेला नळ वाहत होता. शेजारी कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

मंदाने त्याचे पाय आत ओढून दार लावलं. मग तिने माझ्या हातातल्या वरवंट्याकडे बघितलं.

"हा इथे नको, काका," ती म्हणाली.

तिने पदर दातात धरून टर्रकन फाडला आणि वरवंटा त्यात गुंडाळला. मी मांजरपाट कापला. तिने सुईत दोरा ओवला. तिरपे टाके घालत मी शेवटापर्यंत आलो, गाठ मारली आणि ती उलटी पडली. मंदाने पेन घेतलं.

"कुणाचं नाव टाकू?"

मी तिला सांगितलं. तिने उंबऱ्याशी पडलेल्या दशरथकडे एकदा बघितलं आणि गोल अक्षरात त्याचं नाव लिहिलं, खाली आमच्या बिल्डिंगचा पत्ता. पार्सल पिशवीत घालून मी पोस्टाच्या पेटीकडे जायला चप्पल पायात सरकवली.

"काका, तिकिटं?" तिने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "बुधवारी आलं तेव्हा नव्हती."