उलटे खिसे

लाँड्रीत एकच नियम होता. कपड्यांचे खिसे थोरली तपासणार. मधलीने इस्त्री करावी, डाग काढावेत, वाटलं तर गिऱ्हाइकाशी हुज्जतही घालावी, पण खिशात बोट घालायचं नाही. नियम का आहे हे दोघी बहिणींना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. जुगाराच्या मशीनपायी मधलीने आधी दागिने घालवले, मग नोकरी, मग नवरा. तेव्हा थोरलीने तिला दुकानावरची खोली दिली आणि बजावलं, "एकदा सांभाळलं. परत तिथे पाऊल टाकलंस तर खोली रिकामी करायची. सख्खी आहेस म्हणून दोनदा सांगणार नाही."

'तिथे' म्हणजे फार लांब नव्हे, रस्त्यापलीकडे. काचेमागे रंगीत दिवे, आत ओळीने मशीनं. मधली वर्षभर त्या काचेकडे पाठ करून इस्त्री करत होती.

आज बॉयलर बसला. थोरली मेकॅनिकला गाठायला गेली आणि तेवढ्यात एक वकील कोट टाकून गेला. बॉयलर बंद म्हणजे वाफ बंद, वाफ बंद म्हणजे इस्त्री बंद. कोटाची घाई कुणालाच नव्हती. तरी मधलीने तो टेबलावर पसरला, हाताने सारखा केला, आणि आतल्या खिशात काहीतरी चुरचुरलं. वर्षभर हात आवरला होता. त्या आवाजाने तो आपला आपण आत गेला.

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. तिने रस्ता ओलांडला, नोटांची नाणी केली, बटण दाबलं. सगळं गेलं की मोकळी होईन, असंच काहीसं तिच्या मनात होतं. पण मशीनने ऐकलं नाही. ते गाऊ लागलं, आणि नाण्यांचा ट्रे भरून वाहिला.

नाण्यांच्या पुन्हा नोटा करून ती परत आली आणि वकिलाचे पैसे होती तशी घडी घालून तिने कोटात ठेवले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, असं म्हणतात. इथे दोन्ही जागच्या जागी होती आणि वर एक गाढव जास्तीचं मिळालं होतं. जिंकलेले पैसे एप्रनच्या खिशात पोटाशी होते, गरम भांडं बांधल्यासारखे.

हरली असती तर निदान रडली असती. लाजेने चार दिवस मान वर केली नसती, आणि तेवढे चार दिवस तरी सुटली असती. जिंकलेल्या बाईने कुणाच्या गळ्यात पडायचं? यात बॉयलर होईल, असं वाटलं. मग वाटलं, थोडे आणखी झाले तर बांगड्याही. मग तिच्या लक्षात आलं की आपण उंबऱ्यावर उभ्या आहोत आणि एक पाय बाहेर आहे. तिने पाय आत घेतला. थोड्या वेळाने तो परत बाहेर होता.

तिने कंडक्टरबाईंना फोन लावला. बाई बसवरून निवृत्त झालेल्या. एकेकाळी तिकिटांचा गल्ला पत्त्यांवर लावलेल्या. आता जुगार सोडू पाहणाऱ्यांची दर आठवड्याला बैठक भरायची तिथे त्या खुर्च्या मांडायच्या आणि मधलीला शेजारी बसवून घ्यायच्या.

"बाई, मी खेळले."

"हरलीस की जिंकलीस?"

"जिंकले."

पलीकडे बाईंनी खुर्ची सरकवली. मग म्हणाल्या, "हरली असतीस तर बसने आले असते. आता टॅक्सी करते. काउंटरला धरून उभी राहा."

त्या आल्या तेव्हा मधलीने खरोखरच काउंटर धरला होता. तिने एप्रनच्या खिशातून पुडकं काढून पुढे केलं. "हे घेऊन जा. काहीही करा त्याचं."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्याकडे नको देऊस. मीही त्याच माळेतली. हे घेऊन मी घरी पोचेन, याची मलाच खात्री नाही."

"मग कुणाला देऊ?"

"जिला द्यायचे ते तुला माहीत आहे."

"ती घराबाहेर काढेल मला."

"काढेलही," बाई म्हणाल्या. "मला काढलं होतं."

त्या बाकावर टेकल्या. तिथून उठल्या नाहीत.

थोरली घामाघूम होऊन आली. "मेकॅनिक उद्या येतो म्हणाला. त्याचा उद्या म्हणजे..." तिने बाकावरच्या बाईंकडे पाहिलं, मग बहिणीच्या हातातल्या पुडक्याकडे, मग कोटाकडे. पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मधलीने सगळं सांगितलं, आवाज होणाऱ्या खिशापासून.

"ठेव ते खाली," थोरली म्हणाली. "मी हात लावणार नाही. असल्या पैशांचा बॉयलरही नको मला."

"ताई, घे."

"नको म्हटलं ना."

"ताई, तू काढ मला घराबाहेर, पण हे घे. नाहीतर मी आत्ता जाईन. तुमच्या दोघींच्या देखत जाईन. मला थांबताच येत नाहीये गं."

पलीकडच्या काचेतले दिवे लागले, तशी तिची मान तिकडे वळली. थोरलीने ते पाहिलं. इतक्या वर्षांत तिने बहिणीचं खोटं पाहिलं होतं, शपथा पाहिल्या होत्या. ही वळलेली मान तिने आज पहिल्यांदा पाहिली.

तिने पुडकं घेऊन गल्ल्यात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली ब्लाउजात खोवली. मग बहिणीजवळ आली. गिऱ्हाइकाचा कपडा तपासावा तसा तिने एप्रनचा खिसा बाहेर ओढून उलटा केला. शिवणीतला कापूस झटकला. दुसरा खिसा उलटा केला. त्यातून एक नाणं पडलं आणि गोल फिरत काउंटरखाली जाऊन आडवं झालं.

"हे?" थोरलीने विचारलं.



"राहतंच एखादं," बाकावरून कंडक्टरबाई म्हणाल्या. "सगळे दिले असं म्हणताना माझंही राहायचं."

थोरली वाकली, नाणं उचललं, मुठीत धरलं. बराच वेळ ती मूठ तशीच होती. "खोलीचं उद्या बघू," ती म्हणाली. "आज हे बघू दे. हात वर कर."

लहानपणी ताई झबलं बदलायची तेव्हा करायची, तसे मधलीने दोन्ही हात वर केले.