गाड्यांची पोटं पाहणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. मला चार छोटी चाकं आहेत. गॅरेजचे मिस्त्रीमामा माझ्यावर उताणे झोपायचे आणि आम्ही दोघं अलगद गाडीखाली सरकायचो. लोक आकाश पाहतात, मी गाड्यांची पोटं पाहत आले. दुपारचं ऊन ओल्या फरशीवर सांडलं की त्या पोटांवर सोनेरी लाटा हलत. वाटे, आपण एखाद्या संथ तळ्याच्या तळाशी पहुडलो आहोत.

एका मोडक्या दारातून सुताराने मला घडवलं. "काय लोण्यासारखी सरकते!" मामा म्हणाले होते. मग गाड्या उचलणारं यंत्र आलं, मी कोपऱ्यात गेले आणि माझ्यावर रिकामे डबे चढले. डब्यांखाली मी ती पोटं आठवत पडून राही.

मामांची भाची परिचारिका. लांबच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करते. एकदा तिची गाडी घाटात बंद पडली, आणि एक आजोबा इंजेक्शनची वाट बघत दिवसभर कण्हत राहिले. त्यानंतर तिला घास गोड लागेना. दुसरी गाडी घ्यायची, पण जुनीच परवडणार होती. "नावाजलेल्या कंपनीची घे, डोळे मिटून," दीर म्हणत.

दोन गाड्या गॅरेजात आल्या. एक त्या नावाजलेल्या कंपनीची, आरशासारखी लखलखीत. दुसरी एका निवृत्त बाईंची. तिच्या कंपनीला कुणी फारसं विचारत नसे.

"मामा, तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?"

"पेशंटचं आडनाव ऐकून तू ताप सांगतेस का?" मामा हसले. यंत्रावर तिसऱ्याच कुणाची गाडी चढलेली होती. त्यांनी माझ्यावरचे डबे उतरवले. "झोप हिच्यावर. स्वतः बघ."

किती दिवसांनी पाठीचा ऊबदार भार आला! चमकदार गाडीखाली सगळं नुकतंच काळं रंगवलेलं होतं. तिने नखाने खरवडलं, तर गंजाचा पापुद्रा तिच्या गालावर पडला.

"जखम न धुताच पट्टी बांधलीय," ती पुटपुटली.

दुसरीखाली वाळका चिखल होता, ओरखडे होते. पण तेल कुठेच गळत नव्हतं, झिजणारे भाग वेळच्या वेळी बदललेले होते. तिने गाडीच्या पोटावर अलगद तळवा ठेवला.

"मामा, म्हणजे त्या कंपनीचं नाव खोटं?"

"नाही गं, त्यांच्या गाड्या टिकतात. पण ही चमकदार गाडी कुणाच्या हाती पडली, ते नावाला काय ठाऊक?"

"आणि ही बाईंची गाडी दगा नाही ना देणार?"

मामांनी तिला हात देऊन उठवलं. "थकेल कधीतरी. सगळ्याच थकतात. पण आधी कुरकुरेल. तेवढं ऐक."

तिने तीच घेतली. दिरांनी नाक मुरडलं.

काही महिन्यांनी ती सकाळीच आली. "डावीकडून कुईकुई ऐकू येतंय. उद्या घाट चढायचाय, म्हणून आजच आणली."

चाकातलं बेअरिंग झिजलं होतं. मामांनी ते बदललं. दुसऱ्या दिवशी ती घाट चढून गेली आणि दिवेलागणीआधी हसत परतली.

मित्रांनो, गाडी घेताना नाव जरूर विचारा. मग वाकून खालीही बघा. आणि घेतलेली गाडी कधी हळूच काही सांगू लागली, तर गाणी बंद करा नि ऐका.